हैदराबाद ते शिकागो : अंतर, प्रवासाचा वेळ आणि घड्याळ

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत कार्याचा आढावा, देणगीदारांची नामावली आणि विद्यार्थ्यांचे यश यांना मानाचे स्थान असते, व ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला एखादा अभ्यासाचा विषयही असला, म्हणजे स्मरणिका कपाटात न जाता घरातील लहानथोरांच्या हाती राहते. या हेतूने प्रस्तुत लेख आम्ही लिहीत आहोत.

विषय आपल्या सर्वांच्या घरातलाच आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा व हैदराबाद हे एकाच राज्याचे भाग होते. त्या काळी येथील मराठी माणसाला "आपले गाव कोणते?" असे विचारले, तर नांदेड, परभणी, बीड अशी उत्तरे येत. काचीगुड्याला रात्री गाडीत बसावे आणि सकाळी आपल्या माणसांत असावे, एवढेच ते अंतर. आज त्याच घरांत "मुलगा कोठे असतो?" असे विचारले की शिकागो, डॅलस, न्यू जर्सी ही नावे ऐकू येतात. नावे तोंडात बसली. परंतु हे गाव किती दूर, तेथून येण्यास खरोखर किती वेळ लागतो, आणि आपल्याकडे सकाळ असता तेथे काय वाजलेले असते, याचा हिशेब पुष्कळ घरांत कोणी मांडलेला नसतो. सुखाच्या दिवसांत त्यावाचून अडत नाही. अडते ते घरात कोणी गंभीर आजारी पडले म्हणजे.

उदाहरणासाठी आम्ही शिकागो शहर निवडले आहे. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना एकत्र आणणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली याच शहरी झाली. शिवाय हैदराबादहून अमेरिकेस थेट जाणारी पहिली विमानसेवा एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये सुरू केली, तीही शिकागोचीच. ती सेवा पुढे बंद पडली; तथापि अंतराचा अभ्यास करण्यास तिच्याइतके सोयीचे उदाहरण नाही.

१. अंतर कोणत्या रेषेवर मोजावे?

भिंतीवरील जगाचा नकाशा पाहिला तर शिकागो आपल्या पश्चिमेस दिसते. पट्टी ठेवून रेषा ओढली, तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग व अटलांटिक महासागर यांवरून जाते. नेहमीच्या नकाशावरील ही सरळ रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजली, तर सुमारे १६,१०० किलोमीटर भरते. साहजिकच वाटते की विमान याच वाटेने जात असावे.

आता नकाशा बाजूस ठेवून मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल घ्यावा. दोऱ्याचे एक टोक हैदराबादवर व दुसरे शिकागोवर धरून दोरा घट्ट ताणावा. दोरा आपोआप वर सरकतो आणि उत्तरेकडून जातो! काश्मीर, मध्य आशिया, रशिया, मग आर्क्टिक महासागर, ग्रीनलंड, कॅनडा आणि तेथून खाली शिकागो, अशी ती वाट आहे. हैदराबादहून निघताना तिची दिशा जवळजवळ थेट उत्तर असते, थोडी पश्चिमेकडे झुकलेली. सर्वांत वर ती सुमारे ७९ अंश अक्षांशापर्यंत पोहोचते. तेथून उत्तर ध्रुव उरतो केवळ ११ अंश, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर. या दोऱ्याची लांबी मोजली तर सुमारे १३,२८० किलोमीटर येते. नकाशावरील सरळ रेषेपेक्षा ही वाट २,८०० किलोमीटरांनी कमी, म्हणजे विमानाचे तीन तास वाचले.

असे का होते? पृथ्वी वाटोळी आहे आणि कागद सपाट आहे. वाटोळी साल सपाट पसरावयाची तर ती कोठेतरी ताणावीच लागते. नेहमीच्या नकाशात ती ध्रुवांकडे ताणलेली असते, म्हणून उत्तरेकडील प्रदेश आहेत त्यापेक्षा फार रुंद दिसतात. ग्रीनलंड तेथे आफ्रिकेएवढे भासते; वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. गोलावरील दोन ठिकाणांतील सर्वांत जवळची वाट म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून कापलेल्या वर्तुळाचा तुकडा. त्यास महावर्तुळ म्हणतात.

विद्यार्थ्यांनी एक सोपे सूत्र लक्षात ठेवावे. पृथ्वीच्या मध्याशी होणारा एक अंशाचा कोन पृष्ठभागावर सुमारे १११ किलोमीटर होतो. हैदराबाद व शिकागो यांमधील कोन सुमारे ११९½ अंश आहे. दोहोंचा गुणाकार करून पहावा. वैमानिक व खलाशी अंशाचे साठ भाग पाडून एका भागाच्या अंतरास सागरी मैल म्हणतात, तो १.८५२ किलोमीटरांचा असतो. आपल्या जुन्या रस्त्याच्या मैलांत हेच अंतर सुमारे ८,२५० मैल होते.

२. दोन महिन्यांपासून सोळा तासांपर्यंत

हैदराबाद आणि शिकागो यांचा संबंध विमानाच्या फार पूर्वीचा आहे. स्वामी विवेकानंद फेब्रुवारी १८९३ मध्ये हैदराबादेस आले होते. १३ फेब्रुवारी रोजी सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात त्यांनी आपल्या पश्चिमेकडील नियोजित प्रवासाविषयी व्याख्यान दिले. पुढे ३१ मे रोजी ते मुंबईहून आगबोटीने निघाले. कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग व जपान असा पूर्वेकडील मार्ग घेऊन ते जुलैच्या अखेरीस कॅनडातील व्हँकुव्हर बंदरी उतरले आणि तेथून आगगाडीने शिकागोस पोहोचले. मुंबई ते शिकागो या प्रवासास दोन महिने लागले.

नंतरचे टप्पे असे. निजाम सरकारची रेल्वे व टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ साली हैदराबादची डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. १९५३ साली विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० साली त्याच कंपनीची जेट विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. मार्च २००८ मध्ये हैदराबादचा प्रवासी विमानतळ बेगमपेठेहून शमशाबादला गेला. आणि २०२१ मध्ये शमशाबादेहून निघालेले विमान मध्ये कोठेही न उतरता शिकागोस पोहोचू लागले. दोन महिन्यांचे सोळा-सतरा तास झाले.

३. हिशेबाचे तास आणि प्रत्यक्ष तास

मोठे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १३,२८० ला ९०० ने भागले की पावणेपंधरा तास येतात. मग सोळा-सतरा का लागतात?

पहिले कारण असे की, उड्डाण करून उंची गाठताना व उतरताना वेग कमी असतो.

दुसरे कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे झोत वाहतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर होणे नवलाचे नाही. विमान त्यांच्या पाठीवर बसले तर तास वाचतो, समोरून गाठले तर तास जातो. म्हणून अमेरिकेहून भारताकडे येणारे विमान बहुधा जाणाऱ्यापेक्षा लवकर पोहोचते.

तिसरे कारण मार्गाचे. अतिउंच पर्वतांवरून लांबवर जाणे वैमानिक टाळतात, कारण विमानातील हवेचा दाब काही बिघाडाने कमी झाला तर त्वरित खाली यावे लागते, आणि खाली हिमशिखरे असून चालत नाहीत. आकाशालाही राज्यांची कुंपणे आहेत. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोप व अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येईनासे झाले. असे झाले की दोऱ्याची वाट सोडून वळसा घ्यावा लागतो.

येथे मुले एक प्रश्न हमखास विचारतात : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर विमान आकाशात नुसते थांबून राहिले तर शिकागो खाली येणार नाही काय? प्रश्न हुशारीचा आहे. हैदराबादची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने फिरते हेही खरे. परंतु सभोवतीची हवा आणि हवेतील विमान हीही तिच्याबरोबरच फिरत असतात. चालत्या आगगाडीच्या डब्यात वर फेकलेला चेंडू आपल्याच हातात पडतो, मागच्या बाकावर पडत नाही. तसेच हे आहे.

४. मधल्या शहरी विमान बदलणे

थेट विमान नसले म्हणजे लंडन, दुबई अशा ठिकाणी विमान बदलावे लागते. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९४९ साली रात्रीच्या टपाल-विमानांची योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत जात. आज दुबई-लंडनला थैल्यांऐवजी माणसांची अदलाबदल होते, इतकेच.

अंतर यामुळे फारसे वाढत नाही, हे पाहून आश्चर्य वाटते. हैदराबाद ते लंडन सुमारे ७,७५० आणि लंडन ते शिकागो सुमारे ६,३५० किलोमीटर, एकूण १४,१००. दुबईमार्गे २,५५० आणि ११,६४०. एकूण १४,१९० च्या आसपास. थेट वाटेपेक्षा आठ-नऊशे किलोमीटर, म्हणजे एक तास अधिक. वाढतो तो थांबण्याचा वेळ. तो तीन तास असेल किंवा दहा तासही असेल. तेव्हा तिकीट घेताना किलोमीटर न पाहता थांबा पहावा.

५. घड्याळाचा हिशेब

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश, एका अंशास ४ मिनिटे. भारताचे घड्याळ ८२½ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. हैदराबाद त्याच्या चार अंश पश्चिमेस असल्यामुळे सूर्य आपल्याकडे सुमारे १६ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. तरी घड्याळ साऱ्या देशाचे एकच.

शिकागोचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेअकरा तास असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, म्हणून त्या काळात फरक साडेदहा तास. तोंडी हिशेबाची युक्ती अशी : आपल्या वेळेतून बारा तास वजा करावे आणि हिवाळ्यात अर्धा तास, उन्हाळ्यात दीड तास मिळवावा. आपल्याकडे सकाळचे ८ असले तर तेथे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ.

यामुळे प्रवासात मौज होते. समजा, जानेवारीत दुपारी १ वाजता थेट विमान हैदराबादहून निघाले आणि साडेसोळा तासांनी पोहोचले. आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच, परंतु शिकागोत त्याच दिवशीचे संध्याकाळचे सहा! घड्याळ पाहणाऱ्यास वाटेल, पाचच तासांत पोहोचले. उलट, शिकागोहून बुधवारी रात्री साडेनऊला निघालेले विमान साडेपंधरा तास उडून हैदराबादेस उतरते ते शुक्रवारी पहाटे साडेबाराला. मधला गुरुवार आकाशातच सरतो. जाताना जे मिळाले ते येताना परत करावे लागते. काळाच्या खात्यात बाकी राहत नाही.

६. दारापासून दारापर्यंत

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. "शिकागो म्हणजे सोळा तास" असे आपण म्हणतो, तो आकाशातला वेळ झाला. घरातल्या माणसास उपयोगाचा आहे तो दारापासून दारापर्यंतचा वेळ. दुबईमार्गे येणाऱ्याचा हिशेब साधारण असा होतो :

घरापासून विमानतळ — १ तास
उड्डाणापूर्वी हजेरी — ३ तास
शिकागो ते दुबई — १३ तास
दुबईस थांबा — ४ तास
दुबई ते हैदराबाद — ३½ तास
पारपत्राची तपासणी व सामान — १½ तास
शमशाबाद ते घर — १½ तास

एकूण साडेसत्तावीस तास. आणि हे सर्व सुरळीत झाले तर. तिकीट मिळवणे, रजा सांगणे, मुलांची व्यवस्था लावणे यांचा वेळ यात धरलेला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. समजा, जानेवारीत एका घरी वडिलांची प्रकृती सोमवारी पहाटे ४ वाजता बिघडली. त्यांना इस्पितळात नेले. आई म्हणते, "त्याला आत्ता कशाला त्रास? उजाडू दे, मग कळवू." आठ वाजता मुलाला फोन केला. त्या वेळी शिकागोत रविवारी रात्रीचे साडेआठ झाले होते. रात्री नऊला निघणारे विमान प्रवाशांना घेऊन दार लावण्याच्या बेतात होते. पुढचे त्याच वेळचे विमान सोमवारी रात्री ९ चे, म्हणजे आपल्या मंगळवारी सकाळी साडेआठचे. प्रवासाचे साडेवीस तास व उतरल्यानंतरचे तीन तास धरले, तर मुलगा घरी पोहोचतो बुधवारी सकाळी ८ वाजता. बातमी कळल्यापासून पूर्ण दोन दिवस.

तोच फोन पहाटे चारला केला असता तर? शिकागोत रविवारी दुपारचे साडेचार वाजले होते. कोणाची झोपमोड नव्हती. चार-साडेचार तास हाती होते. विमानात जागा असती तर रात्रीचे विमान मिळाले असते आणि मुलगा मंगळवारी सकाळी ८ वाजता वडिलांच्या उशाशी बसला असता. चार तासांचा संकोच आणि एका दिवसाचे अंतर! विमानाचा वेग वाढवणे आपल्या हाती नाही. फोन वेळेवर करणे आपल्या हाती आहे.

आपल्याकडे दूरच्या मुलांपासून आजार लपवण्याची रीत आहे. तिच्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु आजार लपवला तरी अंतर कमी होत नाही, उलट तयारीचे दिवस मात्र वाया जातात. काहींच्या कामाच्या परवान्याची व परतीच्या व्हिसाची अडचण असते. काहींच्या तेथे जन्मलेल्या मुलांना भारतात येण्यास ओसीआय कार्ड अथवा व्हिसा लागतो. या गोष्टी एका रात्रीत होत नाहीत. म्हणून दुखण्याची पहिली बातमीच स्पष्ट सांगावी, आणि "येण्याची गरज पडेल असे वाटत नाही, पण कागद तयार ठेव" एवढे म्हणण्यास संकोच करू नये. प्रसंग अखेरचा ठरलाच, तर थांबावयाचे की नाही हा निर्णय घरच्यांनी भावनेच्या भरात न घेता वरील हिशेब समोर ठेवून घ्यावा. मुलगा किंवा मुलगी किती वाजता दारात येईल हे निश्चित कळले, म्हणजे थांबणाऱ्यांचे व न थांबणाऱ्यांचेही मन कमी दुखते.

७. जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी

नातवंडांना भेटावयास जाणाऱ्या ज्येष्ठांनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विमानातील हवा सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ असते. म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या शिखराहूनही वर बसल्यासारखे होते. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांस आधी विचारावे. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी व पाणी प्यावे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो व येताना आखडतो, म्हणून मधुमेहाची औषधे व इन्शुलिन यांच्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात, स्वतः ठरवू नयेत. आणि औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. पोहोचल्यावर आठ-दहा दिवस झोपेची घडी विस्कटलेली राहते. परत आल्यावर ती बहुधा अधिक विस्कटते. तो आजार नव्हे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक घरात फोनजवळ एक जाड कागद लावावा. त्यावर मुलाच्या किंवा मुलीच्या गावचा वेळेचा हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील फरक, तेथून रोज निघणाऱ्या विमानांच्या वेळा, दारापासून दारापर्यंतचे तास, आणि तेथील एका शेजाऱ्याचा फोन क्रमांक, एवढे मोठ्या अक्षरांत लिहावे. हे काम घरातील शाळकरी मुलांकडून करवून घ्यावे. त्यांचा भूगोल पक्का होईल आणि वडीलधाऱ्यांची सोय होईल. गाव बदलले की कागदही बदलावा.